राहून गेलेला कोट

सानगडी,
१३ नोव्हेंबर २०२५

तृप्ती बाई,

आशीर्वाद आधी घे, राग मग कर. पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळं ठीक आहे. तुझी आजीही ठीक आहे.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी मला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं मी मनानं जोडतो, ते नेहमी वाईटच निघतं. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथला कारकून म्हणाला, "यादोरावजी, कोणाले पत्र लिवून राहिले? कोर्टकचेरी तर नाही ना?" मी म्हटलं, "नातीले." तर हसला. हसू दे. मी चौथीपर्यंत शिकलो, पण अक्षर माझं तुझ्या बापापेक्षा बरं आहे.

लिहायचं कारण असं, की तुमच्या नर्सिंग कॉलेजची ती काळी बॅग आमच्याकडेच राहिली आहे. तो म्हातारपणाचा कोट, घातला की तरण्यालाही म्हातारं झाल्यासारखं होतं तो. मंडईच्या दिवशी, त्या जत्रेच्या गर्दीतून, तू रडत गाडीत बसलीस, तुझ्या मॅडमही घाईत होत्या, आणि नाटक मंडळाच्या बाबूलालने स्टेजवरची बॅग उचलून आमच्या छपरीत आणून टाकली. आता ती हरवली, भिजली, काही कुरतडलं गेलं तर तुझ्यावर येईल. मला त्या काळजीने झोप लागत नाही.

आणली त्या दिवशी बॅग आपोआप हलत होती. मला वाटलं उंदीर शिरला. मी काठी घातली. तुझी आजी खाटेवरून म्हणाली, "मारू नका जी, तो हातमोजा होय. चालूच राहला." उघडून पाहिलं तर खरंच, तो थरथरणारा हातमोजा एकटाच थरथरत पडला होता. त्याचं बटण कुठे असतं ते मला सापडलं नाही. चष्मा फुटलेला नाही. पायात बांधायच्या वाळूच्या पिशव्या दोन्ही आहेत. गुडघ्याचे पट्टे आहेत. बॅग मी खाटेखाली सरकवली, मग वाटलं खाली ओल येते, म्हणून विटा ठेवल्या. आभाळ भरून आहे. धान कापून शेताच्या बांधीत पडलं आहे आणि आभाळ भरून आहे, काय सांगू.

त्या दिवशी मी ओरडलो ते तू मनात धरलं असशील. पण मला सांग, मी काय करायचं होतं? तू म्हणाली होतीस, "आबाजी, आजी मुद्दामून हळू चालते असं लोक म्हणतात, त्याइले एकदा कळू द्या तिले कसं वाटते ते." मला ते पटलं होतं. मीच बाबूलालला सांगून तुम्हाला वेळ मिळवून दिली. पण मंडईच्या दिवशी दुपारी, नाटकाच्या स्टेजवर! त्या स्टेजसमोर आपल्या गावचा माणूस बसला की तो नाटकच पाहायला बसतो. तुझ्या मॅडम माईकवर समजावत होत्या, विशीतल्या पोरीला सत्तरी कशी कळते वगैरे. कोण ऐकतं? तू तो कोट घातलास, पायात वजन, डोळ्यांवर तो पिवळा चष्मा, हातात थरथरणारा मोजा, आणि वाकून एक एक पाऊल टाकायला लागलीस. पोट्टे शिट्ट्या मारायला लागले. आणि त्या बाबूलालने माईक घेऊन म्हटलं, "पाहा पाहा, पार्वताबाई आली!"

अख्खी मंडई हसली. तुझी आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर होती. तू चाललीस ती हुबेहूब तिच्यासारखी. चार वर्षं तिचा कंपवात पाहतोय मी, मलाही क्षणभर वाटलं तीच स्टेजवर चढली. मग मी उठलो, गर्दीतून स्टेजपाशी आलो आणि तुलाच बोललो. लाज नाही का, आजीचं सोंग घेऊन राहिली का, असं. बाबूलालला बोलायचं होतं. पण समोर तू होतीस.

तर बॅग घेऊन जा. एखाद्या रविवारी. बस भंडाऱ्याहून साकोलीपर्यंत आहे, पुढे मी येतो घ्यायला. आजी तुझी वाट पाहते असं काही नाही, ती आराम करते आहे. पण ये.

तुझा आबाजी


सानगडी,
२२ नोव्हेंबर

तृप्ती बाई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं की नाही ते कळायला मार्ग नाही. पाकिटावर होस्टेल लिहिलं, खोली लिहिली नाही, ती मला ठाऊक नव्हती. कदाचित ते कुठेतरी पडून असेल. कदाचित तू वाचून ठेवून दिलं असेल. मी दोन्ही धरून चालतो.

मागच्या पत्रात मी आजी ठीक आहे असं लिहिलं. ते तसं नाही. तू तिकडे परीक्षेत असशील म्हणून लिहिलं नव्हतं.

मंडईपासून ती खाटेवरून उठलेली नाही. न्हाणीपर्यंत मी नेतो, तेही लोंबकळत. तू पाहिलं आहेस, रोज सकाळी ती घरामागच्या सांदवाडीत जायची, वालाच्या वेलापाशी. अर्धा तास लागायचा जायला, पण जायची, आणि मी मध्ये हात धरला तर झटकायची. "तुमी पळता, मले पाडान," म्हणायची. आता शेंगा भरल्या, काल मीच तोडून आणल्या आणि सुपात घालून तिच्यासमोर ठेवल्या. तिने विचारलंसुद्धा नाही किती निघाल्या. शेंगा चुकीच्या तोडल्या म्हणून शिव्या तरी घालायच्या! मी मुद्दाम कोवळ्या तोडल्या होत्या.

साकोलीचा डॉक्टर म्हणाला, "आजोबा, गोळ्या आहेत तशाच चालू द्या. पण यांना चालतं ठेवा. पाय असेच पडून राहिले तर आखडतील, मग मी काही करू शकणार नाही." मी म्हटलं, साहेब, चालतं कसं ठेवू? ती काही बैल आहे का, दावं धरून ओढायला? तो म्हणाला, समजावून सांगा. मी काय समजावणार? तिच्याशी बोलताना माझाच आवाज चढतो.

मला वाटलं सगळं त्या हसण्यामुळे झालं. म्हणून बाबूलालला बोलावून आणलं. येईना. मी म्हटलं, तू नाही आलास तर पुढच्या मंडईत तुझ्या नाटकाला मी एक खुर्ची देणार नाही. मग आला. हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. खाटेपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, चुकलो. तोंडातून निघून गेलं."

तुझ्या आजीने त्याचंच एक संत्रं त्याच्या हातात दिलं. मग म्हणाली, "काहून मापी मांगून राहिला रे बाबू? तू त खरंच बोलला. तशीच चालतो मी."

"तरी पण, मावशी..."

"सारे हासले, मी बी हासली. पोरगी कशी डुलत डुलत आली! तुह्या नाटकातल्या त्या हिरोनीपेक्षा बरी दिसत होती."

बाबूलालला हसू आलं. आजीही थोडी हसली. मला वाटलं, झालं, सुटलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "चल, उठ मग." तिने भिंतीकडे तोंड केलं.

म्हणजे हसण्याचं नाही. मग कशाचं आहे? मी विचारतो तर म्हणते, "कायचं नाही. तुमी कायले माह्या मागं लागून राहिले?"

काल दुपारी ती निजली असताना मी बॅग उघडली. वाटलं, तू शिकतेस ते मलाही कळू दे, हिला काय होतं ते. आधी तो चष्मा घातला. तुझ्या मॅडम म्हणाल्या होत्या याने म्हाताऱ्यांचं धुरकट जग दिसतं. मला काहीच फरक दिसला नाही. जे रोज दिसतं तेच दिसलं. कानाचं ते झाकणही लावून पाहिलं, तेच. मग मी स्वतःवरच चिडलो आणि सगळं परत भरून ठेवलं. हातमोजा तर आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी थांबला होता. त्याची घरघर बंद झाली तेव्हा आजी जागीच होती. म्हणाली, "त्याचा सेल सरला वाट्टे."

तुला कळेल का तिला काय झालं? तू तिची लाडकी. ये एकदा. बोलणार नाही मी काही.

आबाजी


सानगडी,
३ डिसेंबर

तृप्ती,

तुझा बाप विनोद आला होता, जवाहरनगरहून, एक दिवसाची सुट्टी टाकून. त्याने सांगितलं, तुला माझी दोन्ही पत्रं मिळाली. तू वाचलीस, रडलीस, आणि म्हणालीस की आता मी कुठल्या तोंडाने जाऊ. आणि म्हणालीस बॅग बसने पाठवून द्या, कंडक्टरजवळ. असं वाटलं कोणीतरी छातीवर पाय दिला. पण ठीक आहे. बॅग कॉलेजची आहे.

विनोद आणि माझं भांडण झालं, तुला तो सांगेलच. तो म्हणतो आजीला क्वार्टरवर नेतो, जवळ दवाखाना आहे. मी म्हटलं, ने. खरं तर मला वाटत होतं त्याने नेऊ नये. आजीनेच मिटवलं. म्हणाली, "मले कायले नेतं बाप्पा? तुह्या तिथल्या खाटेवर पडू, का या खाटेवर पडू, पाठ त माहीच हाय." विनोद बाहेर जाऊन मोटारसायकलपाशी उभा राहिला. बराच वेळ किल्ली शोधत होता. किल्ली त्याच्या हातातच होती.

तो गेला आणि मग आजीने मला सांगितलं. मी तिला न्हाणीत पाटावर बसवून पाणी घालत होतो. पाणी घालताना मी तिच्या तोंडाकडे पाहत नाही, तिला आवडत नाही. पाठीमागून घालतो. तशात ती बोलली. आधी मला नीट कळलंच नाही.

म्हणाली, "तिनं काढला ना."

मी म्हटलं, "काय काढला?"

"कोट. तृप्तीनं. शेवटी."

मला आठवेना. मी तोवर गर्दीतून स्टेजकडे निघालो होतो ना, ओरडलो ते त्यानंतर. मग तिनेच सांगितलं. तू चालून दाखवलंस, टाळ्या पडल्या, आणि तुझ्या मॅडमने तुझे पट्टे सोडले. पायातलं वजन काढलं, चष्मा काढला. आणि तू हात झाडलेस, मान इकडून तिकडे फिरवलीस आणि स्टेजवरच दोनदा उड्या मारल्यास. "हुश्श" म्हणालीस. आजी म्हणाली, तेव्हा लोक सर्वात जास्त हसले. त्यांनाही बरं वाटलं, तू सुटलीस म्हणून.

"मले बी बरं वाटलं," म्हणाली. "आन मंग मी आपला हात पाहला. तिचं निघते जी. माहं नाही निघत."

मी तांब्या तसाच धरून उभा राहिलो. ती ओली होती, थंडी वाजत असेल, मला सुचलं नाही.

मग म्हणाली, "इतके दिवस मले वाटे, हे बी कधी मधी निघन. गोळीनं, नाहीतर आपोआप. रोज सकाळी उठून मी त्याच्यासाठीच चालत होती. त्या दिवशी समजलं."

तृप्ती, मी म्हातारा माणूस, मला याला काय उत्तर द्यायचं ते येत नाही. मी तिला म्हटलं, "असं नको बोलू." हे काही उत्तर नव्हे. संध्याकाळी म्हटलं, "डॉक्टरला विचारू." तेही नव्हे. तुमच्या पुस्तकांत असेल काही. एवढे कोट बनवतात, एवढं डोकं चालवतात, तर कोट काढल्यावर समोर बसलेल्या म्हातारीशी काय बोलायचं हेही कुणीतरी लिहिलं असेल. असेल तर मला लिहून पाठव. मोठ्या अक्षरात.

तुझा यात काही दोष नाही. तू तिच्यासाठीच केलंस. उडी मारणं काही पाप नाही, तुझं वयच आहे. मी हे तुला लिहायला नको होतं असंही वाटतं आहे, पण पान भरलं आणि दुसरं पाकीट नाही.

बॅग परवा साकोलीला नेतो आणि बसमध्ये ठेवतो. तू स्टँडवर जा घ्यायला. कंडक्टरचं नाव विचारून मी विनोदला फोन करीन.

आबाजी


सानगडी,
११ डिसेंबर

तृप्ती बाई,

तू स्टँडवर जाऊन परत आली असशील. बॅग आली नाही. त्यात माझा हलगर्जीपणा नाही, ऐकून घे.

त्या सकाळी मी बॅग खाटेखालून ओढली, वर दोरी बांधली, चिठ्ठी लावली. चप्पल घातली. तुझी आजी पाहत होती. म्हणाली, "नेऊन राहिले?"

"हो. कॉलेजवाले मागून राहिले."

"थांबा. आधी मले घालून द्या."

मला वाटलं वाताने बडबडते आहे. मी कपाळाला हात लावून पाहिला. तिने हात बाजूला सारला. "डोकं ठिकाणावर हाय माहं. ते पायातलं बांधून द्या. तिनं बांधलं होतं ना, तेच."

मी ओरडलो, तू मला ओळखतेसच. म्हटलं, "अवं, तुले आपलेच पाय उचलत नाही, त्याच्यावर अजून वजन? पडली-बिडली तर मी कोणाले बोलवू? बाबूलालले?" ती म्हणाली, "बोलवा. टाळ्या वाजवन तो."

काय करू? दोरी सोडली. पिशव्या काढल्या. तिचे पाय खाटेखाली सोडून बसवलं आणि घोट्याला बांधल्या. मी म्हटलं, बस एवढंच. तर म्हणाली, "उभी करा."

उभी केली. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली, मी मागून धरून. एक पाय सरकवला. दुसरा सरकवला. तोंड असं केलं की मला वाटलं आता सगळं संपलं. मी देवाचं नाव घ्यायला लागलो तर म्हणाली, "चूप ऱ्हा न." मग परत बसली. घामाघूम. म्हणाली, "आता काढा."

ते काढणं फार अवघड आहे गं. त्याची कडी कशी उघडते मला माहीत नाही, माझी बोटं तेवढी दाबत नाहीत. शेवटी दातांनी धरून ओढली. एक निघाली. मग दुसरी.

आणि तृप्ती, तिचा पाय वर आला. आपोआप. जणू कुणी खालून उचलला. तिने खाली पाहिलं. मग दुसराही थोडा वर आला. ती म्हणाली, "अवं बाप्पा!" आणि हसली. मंडईपासून ती अशी हसली नव्हती. म्हणाली, "निघालं जी. निघालं!" मी म्हटलं, "उठ मग, उठ!" ती उठली, मी नुसता कोपराला हात लावला होता, आणि दारापर्यंत गेली. चौकटीला धरून उभी राहिली. तिथून सांदवाडी दिसते. वेलाकडे पाहून म्हणाली, "कोणं तोडल्या ह्या शेंगा? कोवळ्या तोडल्या ना!"

मी रडलो. मग परतताना तिचे पाय पुन्हा जड झाले. खाटेपर्यंत मीच आणली, ओढत. जेवढं दारापर्यंत जायला लागलं तेवढाच वेळ ते टिकलं. मला वाटलं आता पुन्हा भिंतीकडे तोंड करील. पण तिने पायाकडे बोट केलं आणि म्हणाली, "उद्या परत बांधजा."

तेव्हापासून हेच चाललं आहे. काही दिवस दारापर्यंत जाते. काही दिवस पिशव्या काढल्यावरही काही होत नाही, नुसती पाय पाहत बसते, आणि ते दिवस फार वाईट. परवा तर बांधतानाच तोल गेला, मी धरलं, पण माझ्या कमरेत भरलं. हे बरोबर करतो आहे की चूक, मला कळत नाही. डॉक्टरला सांगितलं तर तो रागावेल. विनोदला सांगितलं तर तो गाडी घेऊन येईल आणि तिला नेईल. मी सांगितलं नाही. हे औषध नाही, एवढं मलाही कळतं. दुखणं आहे तिथेच आहे. मी फक्त तिच्यावर थोडं जास्त लादतो आणि तेवढंच परत काढतो.

काल दातांनी ओढताना माझा पुढचा दात हलला. आजी म्हणाली, "राहू द्या. तुमच्यानं होत नाही. तिच्या बोटात जोर हाय, ती पटकन काढते." मी म्हटलं, ती रुसली आहे. आजी म्हणाली, "रुसली नाही, लाजली. तिले लिवा. मले पाहू द्या म्हणा, कशी काढते ते. मी तिच्यावर हासली होती, आता तिनं माह्यावर हासावं."

म्हणून बॅग मी पाठवत नाही. तुझ्या मॅडमला सांग, म्हातारा देत नाही. माझं नाव घे. काय ते मी पाहून घेईन, जरी मी काही पाहू शकत नाही.

तू रविवारी ये. रविवार नाही जमला तर कुठल्याही दिवशी ये, मी रोज साकोलीच्या स्टँडवर दुपारच्या बसला येऊन बसतो. तसाही तिथे जाऊन बसतोच आहे.

बांधायला मी आहे. काढायला तू ये.

तुझा आबाजी